पहिले पुस्तक आणि खारे पाणी

वाङ्मयाचा इतिहास लिहिताना आपण कविता, कादंबरी, नाटक, फार तर निबंध आणि आत्मचरित्र यांची दखल घेतो. एखादी गोष्ट कशी करावी हे सांगणारी पुस्तके मात्र या इतिहासाच्या उंबरठ्याबाहेरच राहतात. पाकशास्त्राच्या किंवा बागकामाच्या पुस्तकाला स्वतःची भाषा असते, वाचकाशी बोलण्याची रीत असते, त्याच्याविषयीच्या काही अपेक्षाही असतात. तरीही त्याला वाङ्मय म्हणायला आपण कचरतो. आम्हांला येथे अशा पुस्तकांच्या एका आडवळणाच्या शाखेविषयी लिहायचे आहे. घरात खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय कसे राखावे हे नवख्या माणसाला शिकवणाऱ्या पुस्तकांची ही शाखा. तिचा उगम आपल्याला स्थळकाळासह सांगता येतो: इंग्लंड, सन १८५४.

या शाखेकडे वळण्याचे कारण असे की, येथे 'पहिले पुस्तक कोणते निवडावे' हा प्रश्न केवळ आवडीचा राहत नाही. कादंबरी चुकीची निवडली तर वाचकाची एखादी संध्याकाळ वाया जाते. येथे पुस्तक चुकले तर कुणीतरी मरते. समुद्राच्या पाण्याची क्षारता आणि तापमान फार सावकाश बदलतात. त्या स्थैर्याची सवय झालेला जीव चार घागरी पाण्यात आणून ठेवला की, त्याचे अवघे जग डळमळीत होते. पाणी वाफ होऊन उडते, मीठ मागे राहते आणि क्षारता वाढत जाते. प्राण्यांच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया साचतो. डोळ्यांना पाणी स्वच्छ दिसत असतानाच ते विषारी झालेले असू शकते. म्हणून या छंदातील जाणकार नवख्याला आधी वाच, मग टाकी घे, असे बजावतात. पण वाचण्याजोगे पुस्तकच जेव्हा अस्तित्वात नव्हते, तेव्हा काय होते?

तेव्हा माणसे होती, आणि त्यांचे श्रम होते. १८३०च्या दशकात सिसिलीतील मेसिना येथे झान व्हिलप्रे-पॉवर या फ्रेंच संशोधिकेने आर्गोनॉट या अष्टपादाच्या अभ्यासासाठी काचेच्या टाक्या वापरल्या आणि हा प्राणी आपले कवच स्वतःच तयार करतो, हे दाखवून दिले. स्कॉटलंडमध्ये सर जॉन ग्रॅहम डॅलियेल काचेच्या बरण्यांत समुद्रपुष्पे ठेवीत आणि त्यांच्यासाठी समुद्राचे ताजे पाणी वारंवार आणवीत. त्यांनी १८२८ साली खडकावरून आणलेले एक समुद्रपुष्प 'आजी' या नावाने प्रसिद्ध पावले. ते डॅलियेल यांच्या मृत्यूनंतरही हातोहात जपले गेले आणि १८८७ पर्यंत जगले. लंडनमध्ये ॲना थिन यांनी १८४६ साली टॉर्कीच्या किनाऱ्यावरून काही प्रवाळ घरी आणले. पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांची दासी ते पाणी रोज उघड्या खिडकीशी उभी राहून एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतीत असे. त्या दासीचे नाव विज्ञानाच्या इतिहासात सहसा येत नाही. ते प्रवाळ मात्र तिच्या मनगटांच्या बळावर जगले.

या सर्वांचे ज्ञान खरे होते, पण ते त्या घरापुरते होते. ज्याच्याजवळ रोज समुद्राचे पाणी आणवण्याची ऐपत किंवा ते ओतत बसणारा नोकर नाही, त्याला त्याचा उपयोग नव्हता. ज्ञान पुस्तकात यायचे, तर आधी ते नियमाच्या रूपात यावे लागते. तो नियम दिला रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने. १८४९ साली त्याने एका काचपात्रात दोन सोनमासे आणि वॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. वनस्पतीची पाने कुजून पाणी गढूळ होऊ लागले, तेव्हा त्याने त्यात गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजके भाग खाऊन टाकले आणि पाणी निवळले. प्राण्याने सोडलेला कार्बन डायऑक्साइड वनस्पतीने घ्यावा, वनस्पतीने सोडलेला प्राणवायू प्राण्याने घ्यावा, आणि सफाईचे काम गोगलगायीने करावे, असा हा संसार. १८५० साली त्याने हा प्रयोग लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे मांडला आणि पुढे हेच तत्त्व खाऱ्या पाण्यालाही लावून पाहिले.

त्याच सुमारास प्रकृती सुधारावी म्हणून डेव्हनच्या किनाऱ्यावर जाऊन राहिलेला एक निसर्गअभ्यासक स्वतंत्रपणे याच दिशेने प्रयोग करीत होता. फिलिप हेन्री गॉस हे त्याचे नाव. न्यूफाउंडलंड आणि जमैका येथे दीर्घकाळ राहून आलेला, प्लिमथ ब्रेदरन या कडव्या ख्रिस्ती पंथाचा अनुयायी, आणि उत्तम चित्रकार. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जगातील पहिले सार्वजनिक मत्स्यालय सुरू झाले, तेव्हा त्यासाठी जिवंत प्राणी पुरवणाऱ्यांत गॉस होता. त्याच वर्षी डेव्हनच्या किनाऱ्यावरील भटकंतीचे त्याचे पुस्तक प्रसिद्ध झाले. आणि १८५४ साली आले ते 'द अ‍ॅक्वेरियम'.

या पुस्तकाने एक शब्द रूढ केला. त्यापूर्वी अशा पात्राला 'व्हिव्हेरियम', 'अ‍ॅक्वा-व्हिव्हेरियम' अशी नावे दिली जात. 'अ‍ॅक्वेरियम' हा शब्द लॅटिनमध्ये होता, पण त्याचा जुना अर्थ गुरांना पाणी पाजण्याची जागा असा होता. वनस्पतिशास्त्रज्ञ तो पाणवनस्पतींच्या कुंडासाठी वापरीत. गॉसने तो सुटसुटीत म्हणून उचलला आणि त्यात समुद्र भरला. मराठीत आपण याला 'मत्स्यालय' म्हणतो. १९५१ साली मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाच्या नावातही हाच शब्द आहे. तो सुंदर आहे, परंतु त्यात केवळ मासा मावतो. गॉसच्या पात्रातले मुख्य रहिवासी समुद्रपुष्पे, खेकडे, कोळंबी, शिंपले आणि शैवले हे होते. 'मत्स्यालय' म्हटले की, नजर पोहणाऱ्याकडे जाते. गॉसला ती खडकाला चिकटलेल्याकडे वळवायची होती.

'द अ‍ॅक्वेरियम' हे वाचण्याचे पुस्तक आहे, आणि पाहण्याचेही. वेमथच्या किनाऱ्यावरचे दिवस, ओहोटीच्या वेळी उघड्या पडलेल्या खडकांतील डबकी, जाळ्यात काय आले आणि काय निसटले, याचे प्रवाही वर्णन त्यात आहे. गॉसनेच काढलेल्या चित्रांवरून छापलेली रंगीत पाने आहेत. काचेवर वाढलेले हिरवे शेवाळ खात सरकणाऱ्या गोगलगायीची जीभ त्याला गवत कापणाऱ्या विळ्यासारखी दिसते. मध्येच तो ईश्वराच्या कर्तृत्वाचे गुणगान करतो, आणि पुन्हा कोळंबीच्या पायांकडे वळतो. प्रत्यक्ष सूचना या वर्णनांत विखुरलेल्या आहेत.

पुस्तक लोकप्रिय झाले आणि पुढच्याच वर्षी, १८५५ मध्ये, गॉसने एक छोटी, स्वस्त पुस्तिका काढली. पात्र कसे बनवावे, काय भरावे, कसे राखावे, प्राणी व वनस्पती कशा गोळा कराव्यात, एवढेच तिच्यात होते. किनारा गेला, चित्रे गेली, कृती राहिली. आमच्या मते या शाखेच्या इतिहासातील हा सर्वांत अर्थपूर्ण क्षण आहे. एकाच लेखकाने लागोपाठच्या दोन वर्षांत दोन 'पहिली पुस्तके' दिली. एकाने का पाहावे हे शिकवले, दुसऱ्याने कसे राखावे हे शिकवले. ही फारकत आजही कायम आहे. नवखा वाचक दुकानात उभा असतो, तेव्हा त्याच्या एका हातात रंगीत पुस्तक असते आणि दुसऱ्या हातात कोरडे; बहुधा तो रंगीत पुस्तक घेतो आणि पहिला मासा मेल्यावर कोरड्याकडे वळतो.

आणखी एक अडचण होती. लंडनच्या किंवा मँचेस्टरच्या घरात समुद्राचे पाणी आणायचे कोठून? १८५४ सालीच गॉसने कृत्रिम समुद्रपाण्याची कृती प्रसिद्ध केली: साधे मीठ, मॅग्नेशियम सल्फेट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड असे चारच क्षार ठरलेल्या प्रमाणात गोड्या पाण्यात मिसळायचे. लवकरच लंडनच्या एका औषधविक्रेत्याकडे हे मिश्रण तयार मिळू लागले. समुद्र पुडीत आला. या कृतीतील एक तपशील ध्यानात ठेवावा, कारण त्याकडे पुढे परत यायचे आहे: पाणी तयार होताच गॉसने त्यात प्राणी सोडले नाहीत. आधी शैवले असलेले दगड ठेवले, काही दिवस जाऊ दिले, आणि मगच प्राणी सोडले.

यानंतर पुस्तकांची रीघ लागली. चार्ल्स किंग्जली या कादंबरीकाराने 'ग्लॉकस' (१८५५) मध्ये गॉसची मुक्तकंठाने प्रशंसा केली. शर्ली हिबर्डने १८५६ साली मत्स्यालयाला बैठकीच्या खोलीतील शोभेच्या वस्तूंत स्थान दिले. १८५७ साली सॉवरबीचे पुस्तक आले आणि त्याच वर्षी रेव्हरंड जे. जी. वुड यांचे समुद्रकिनाऱ्यावरील सामान्य वस्तूंची ओळख करून देणारे पुस्तक एका शिलिंगात मिळू लागले. काचेवरील अबकारी कर १८४५ साली उठलेला होता, त्यामुळे काच स्वस्त होती. रेल्वे किनाऱ्यापर्यंत पोहोचली होती. साहित्याच्या विद्यार्थ्यांना परिचित असलेले एक जोडपेही या लाटेत सापडते. १८५६ च्या उन्हाळ्यात जॉर्ज हेन्री लुईस आणि मेरी ॲन एव्हन्स इलफ्रकूमच्या खडकांवर बरण्या घेऊन समुद्रपुष्पे शोधीत होते. त्यातून लुईस यांचे 'सी-साइड स्टडीज' (१८५८) हे पुस्तक झाले. त्यांच्याबरोबर खडकांवर वाकणाऱ्या मेरी ॲननी त्याच वर्षी कथालेखनाला प्रारंभ केला आणि पुढे 'जॉर्ज एलियट' हे नाव घेतले. किनाऱ्यावरच्या या सूक्ष्म पाहण्याचा त्यांच्या कादंबरीतील सूक्ष्म पाहण्याशी काय संबंध असावा, हा एका प्रबंधाचा विषय आहे.

आता प्रश्न असा की, ही पुस्तके बरोबर होती काय? नवख्याने त्यांवर विश्वास ठेवला, तर त्याचे प्राणी जगत होते काय? पुष्कळदा जगत नव्हते. १८६०च्या दशकात ही लाट ओसरली, त्याला फॅशनचे चंचलत्व जसे कारणीभूत होते, तसे बैठकीच्या खोलीत कुजणारे पाणीही कारणीभूत होते. वनस्पती आणि प्राणी यांचा तोल साधला की, पाणी कधीच बदलावे लागत नाही, हे पुस्तकांचे आश्वासन होते. ते अर्धे खरे होते. वायूंची देवाणघेवाण होत होती, पण अमोनियाचे काय, हा प्रश्न त्या नियमात नव्हताच.

त्याचे व्यावहारिक उत्तर ज्याला सापडले, तो पुस्तकाचा लेखक नव्हता, दुकानदार होता. विल्यम अल्फर्ड लॉइड याने लंडनच्या पोर्टलंड रोडवर मत्स्यालयाच्या साहित्याचे आणि जिवंत समुद्रप्राण्यांचे दुकान काढले. १८५८ साली त्याने काढलेली मालाची सूची शंभराहून अधिक पानांची आहे. धंदा बुडाल्यावर तो हॅम्बुर्गला गेला, तेथील १८६४ सालचे मत्स्यालय त्याने सांभाळले, आणि पुढे लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील १८७१ सालचे मत्स्यालय उभारले. त्याची युक्ती अशी होती की, दिसणाऱ्या टाक्यांखाली त्यांच्याहून कितीतरी मोठा, अंधारा हौद ठेवायचा आणि पाणी सतत फिरते राखायचे. तोल साधायचा तर पाणी अधिक हवे आणि ते हलते हवे, हे त्याला हाताच्या अनुभवाने कळले होते.

शास्त्रीय उत्तर मात्र शेतातून आले. जमिनीतील अमोनियाचे नायट्रेट होते ते सजीवांमुळे, असे श्लोझिंग आणि म्युंट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८७७ साली दाखवले. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडच्या कृषी संशोधन केंद्रात या विषयावर पुढे काम करणाऱ्या रसायनशास्त्रज्ञाने ही क्रिया दोन टप्प्यांत होते, हे सिद्ध केले: आधी अमोनियाचे नायट्राइट, मग नायट्राइटचे नायट्रेट. हे जीवाणू वेगळे करण्यात विनोग्राडस्की यांना १८९० साली यश आले. रॉथमस्टेडच्या त्या शास्त्रज्ञाचे नाव होते रॉबर्ट वॉरिंग्टन. सोनमासे, वनस्पती आणि गोगलगायी यांचा तोल मांडणाऱ्या वॉरिंग्टनचा हा मुलगा. वडिलांच्या समीकरणात जी जागा रिकामी राहिली होती, तिथे बसणारा जीव मुलाच्या अभ्यासाचा विषय झाला. पण मुलगा मत्स्यालयाविषयी लिहीत नव्हता, तो मातीविषयी लिहीत होता.

आता गॉसचे ते थांबणे आठवावे. नव्या पाण्यात शैवले आणि किनाऱ्यावरचे दगड आधी ठेवून त्याने जे दिवस जाऊ दिले, त्याचे कारण त्याच्या मते वनस्पतींनी पाणी प्राण्यांयोग्य करावे हे होते. आज आपण जाणतो की, त्या दगडांवर न दिसणारे जीवाणूही होते आणि त्यांना वाढायला वेळ हवा होता. लोणचे मुरू द्यावे तसे पाणी मुरू द्यावे लागते. नव्या टाकीत काही आठवडे प्राणी सोडू नयेत, हा आजच्या प्रत्येक पुस्तकातील पहिला नियम आहे. कारण अपुरे असूनही कृती योग्य होती, याचे हे उदाहरण आम्हांला विचार करायला लावते. चांगल्या पहिल्या पुस्तकाची कसोटी त्याच्या सिद्धान्तात पूर्णपणे सापडत नाही. ते वाचकाला कोठे थांबायला लावते, हेही पाहावे लागते.

या इतिहासाचा दुखरा भाग अद्याप सांगायचा आहे. गॉसच्या पुस्तकांनी वाचकांना किनाऱ्यावर नेले, आणि वाचकांनी किनारा घरी नेला. छिन्नी, हातोडी आणि बरण्या घेऊन आलेल्या हौशी लोकांनी डेव्हनच्या खडकांतील डबकी ओरबाडून रिकामी केली. याची नोंद त्याच घरातून आली. फिलिपचा मुलगा एडमंड गॉस पुढे समीक्षक म्हणून नावाजला. 'फादर अँड सन' (१९०७) या आत्मकथनात त्याने लहानपणी वडिलांबरोबर पाहिलेल्या त्या डबक्यांचे वर्णन केले आहे आणि ते वैभव आता उरले नाही, असे हळहळून सांगितले आहे. ज्या किनाऱ्यावर आपल्या वडिलांची एवढी भक्ती होती, त्याच्या विध्वंसाला त्यांचीच पुस्तके कारणीभूत झाली, हे वडिलांच्याही लक्षात आले होते आणि ते त्यांना फार लागले होते, असेही तो लिहितो.

'फादर अँड सन' वर्गात शिकवताना आपण श्रद्धा आणि विज्ञान यांचा संघर्ष, बाप आणि मुलगा यांतील अंतर, आत्मचरित्राचा प्रकार यांवर बोलतो. हे लेखकाच्या उत्तरदायित्वाविषयीचे पुस्तकही आहे, हे सहसा सांगितले जात नाही. येथे एका सुंदर पुस्तकाने केलेली हानी त्या लेखकाच्या मुलाने मोजली आहे. गॉसची वाक्ये रटाळ असती, चित्रे सामान्य असती, तर किनारा कदाचित वाचला असता. शैलीचे सामर्थ्य जितके मोठे, तितके तिचे परिणाम दूरवर जातात, हे आपण प्रचारकी वाङ्मयाच्या संदर्भात मान्य करतो. निसर्गप्रेमी गद्याच्या संदर्भात ते मान्य करायला आपल्याला जड जाते.

विसाव्या शतकात या छंदाचे केंद्र अमेरिकेकडे सरकले आणि उष्ण कटिबंधातील रंगीत मासे विमानाने दूरच्या शहरांत पोहोचू लागले. नवख्यांसाठीच्या पुस्तकांचा इतिहास केवळ शीर्षकांतूनही वाचता येतो. रॉबर्ट स्ट्रॉघन यांच्या १९५९ सालच्या पुस्तकाच्या नावात 'घरातील' खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय आहे. म्हणजे प्रश्न अद्याप घरात ते जगेल काय, हाच होता. मार्टिन मो यांच्या १९८२ सालच्या पुस्तकाचे उपशीर्षक 'नवख्यापासून प्रजनकापर्यंत' अशा अर्थाचे आहे. लेखकाने स्वतः समुद्री माशांची पैदास केलेली होती, आणि समुद्रातून आणण्याऐवजी घरी वाढवण्याची दिशा शीर्षकानेच दाखवली. रॉबर्ट फेनर यांच्या १९९८ सालच्या पुस्तकाच्या नावात तर 'सदसद्विवेक बाळगणारा' या अर्थाचे विशेषण आहे. जगेल काय, वाढवता येईल काय, आणि आणावे काय, असे हे तीन प्रश्न. तिसरा प्रश्न सर्वांत उशिरा आला. डेव्हनच्या किनाऱ्यावर तो सर्वांत आधी यायला हवा होता.

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. ओहोटीच्या वेळी कोकणातील खडकांत जी डबकी राहतात, त्यांतही समुद्रपुष्पे आणि खेकडे असतात, आणि त्यांकडे कुतूहलाने वाकणारी मुलेही असतात. भारतात २००१ साली खडक रचणारे प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घेण्यात आले. त्यांना किनाऱ्यावरून उचलून घरी नेणे हा गुन्हा ठरतो. परंतु कायदा उचलणाऱ्या हाताला अडवतो. त्या हाताआधी डोळा असतो, आणि डोळ्याला वळण पुस्तक लावते.

म्हणून कुणी आम्हांला पहिले पुस्तक कोणते, असे विचारले, तर आम्ही एक साधी पारख सुचवू. पुस्तक उघडून त्यात 'हे ठेवू नका' असे सांगणारे पान आहे काय, ते शोधावे. कोणते जीव घरी जगत नाहीत, कोणते समुद्रातून आणू नयेत, पाणी मुरायला किती आठवडे द्यावेत, आणि मासा आणण्यापूर्वी त्याच्या पूर्ण वाढीचा आकार का पाहावा, हे ज्यात स्पष्ट लिहिले आहे, ते पुस्तक कोरडे असले तरी घ्यावे. मग सवड काढून गॉसही वाचावा. त्याच्याइतके बारकाईने पाहायला शिकवणारा गुरू या शाखेत क्वचितच सापडेल, आणि त्याच्या पानांवरची डबकी अजून भरलेली आहेत. मात्र त्याच्या शेजारी त्याच्या मुलाचे पुस्तक ठेवावे, आणि दोन्ही वाचून झाल्याशिवाय बरणी घेऊन किनाऱ्यावर जाऊ नये.